फिरत्या दवाखान्याचा पडदा

साहेब, मला तुम्ही मोडलंत. दुसऱ्या कुणी नाही. गेल्या वर्षीच्या होळीला, काठी गावच्या माळावर, भर दुपारी.

मित्रांनो, तुम्ही साक्षीला बसा. मी एक जुना पडदा आहे. बटण दाबलं की मोटारीवर वर-खाली होणारा. माझी गाडी म्हणजे चाकांवरचं घरच. आत पलंग, मोरी, पंखा आणि एक मोठी खिडकी. कुणा हौशी माणसाने फिरण्यासाठी ती बांधून घेतली होती. पुढे ती नंदुरबारला आली, पलंगाच्या जागी तपासायचं टेबल आलं आणि गाडीचा फिरता दवाखाना झाला.

तेव्हा मला मान होता. सातपुड्यातल्या पाड्यावर गाडी थांबली की बाया दाराशीच घुटमळायच्या. सुनिता सिस्टर बटण दाबायच्या. मी गूंऽऽ करत खाली यायचो, आतला उजेड मऊ व्हायचा. "बघ बाई, आता कावळासुद्धा डोकावणार नाही," त्या म्हणायच्या. मग बाया निजायच्या, दुखणं सांगायच्या. माझं काम तेवढंच होतं, पण त्यावरच सगळा दवाखाना चालायचा.

मग दवाखान्याच्या खात्याचे मोठे साहेब होळी बघायला आले आणि विसाव्याला त्यांना हीच गाडी हवी झाली. बाहेर ढोल वाजले. साहेबांना मोबाईलवर नाच टिपायचा होता. बटण हाताशी होतं, पण धीर नव्हता. त्यांनी खालून मूठ लावली आणि मला वर रेटलं. मोटारीच्या चक्राचे दात कडकन तुटले. मी तिरका होऊन अर्ध्यात लटकलो. "कंपनीचा माणूस बघेल, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही," असं म्हणून साहेबांनी मोटारीवर सील ठोकायला लावलं.

कंपनीचा माणूस आलाच नाही. सिस्टरांनी काचेला कागद चिकटवले, तर गाडी वाईट दिसते म्हणून साहेबांनी ते खरवडायला लावले. मग चादर बांधली. एकदा ऐन तपासणीत ती वाऱ्याने सुटली आणि बाहेरची पोरं फिदीफिदी हसली. ती गोष्ट गाडीच्या आधी पाड्यापाड्यावर पोचली. टेबल रिकामं राहू लागलं. मी नुसतं ऊन खात राहिलो, कापड ठिसूळ झालं. थकलो मी, मित्रांनो.

यंदा होळीच्या दिवशी गाडी पुन्हा काठीला लागली. रूपलीबाई आली. तिचे दिवस भरत आले होते आणि कालपासून पोटातलं बाळ हललं नव्हतं. ती आत चढली, माझ्याकडे बघितलं आणि मागे फिरली. "चादर नको, बाय. पडदा नीट कर, मग निजते." तिचा नवरा रूपसिंग लांबच उभा होता. त्याने होळीची पाळणी, म्हणजे व्रत, धरलं होतं. पाळणीतला गडी बाईला शिवत नाही, ती बायको असली तरी.

ड्रायव्हर उमाकांत होळीच्या मेळ्यातून शौकतभाईंना घेऊन आला. ते नंदुरबारला सीटकव्हरं शिवतात.

"सील शे ना भो. तोडू का?" शौकतभाईंनी विचारलं.

"तोडा. नाव माझं सांगा," सिस्टर म्हणाल्या.

झाकण उघडलं. "अरे, येना सर्वा दात तुटी ग्यात! येले कोन रेटं?"

"मोठा मानूस व्हता," उमाकांत म्हणाला. "त्याले बटन दिसनं नही."

"मंग त्याना डोयालेबी मोटार बसाडी द्या!"

शौकतभाईंनी मोटार काढून टाकली, नवी दोरी ओवली आणि मला हळूच खाली ओढलं. मी मधोमध फाटलो. उन्हाने माझ्यात काही उरलंच नव्हतं.

"शिवसू, पन येळ लागी," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"वेळच तर नाही हो," सिस्टर म्हणाल्या.

रूपसिंगने ते ऐकलं. त्याने पाळणीतल्या गड्यांना हाक मारली. अंगावर राखेची नक्षी, कमरेला घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप. ते सगळे येऊन काचेला पाठ लावून उभे राहिले, खांद्याला खांदा भिडवून. "नीज तू. आमची तोंडं डोंगराकडे आहेत," रूपसिंग म्हणाला. खिडकी मोरपिसांनी भरली. आतला उजेड मऊ झाला. रूपलीबाई निजली.

"ठोके आहेत, पण मंद. उमाकांत, गाडी काढ!" सिस्टरांनी आतून हाक दिली.

रूपसिंग पुढे उमाकांतशेजारी बसला. घाटाखालच्या दवाखान्यात पोरगी झाली. निळी पडली होती, पण रडली.

शौकतभाईंनी नंतर मला काळ्या सीटकव्हरच्या पट्टीने शिवलं. आता मी दोरीवर चालतो. मित्रांनो, वस्तू हळू चालत असेल तर तिला रेटू नका, थोडं थांबा. आणि मोडलीच, तर ज्याला दुरुस्त करता येतं त्याचे हात बांधू नका.

परवा साहेबांचा फोन आला. सील कुणी तोडलं? सिस्टरांनी सरळ स्वतःचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीवरच्या कामावरून काढलं. गाडी उभी आहे, मी नीट खाली उतरलेलो आहे आणि आत कुणी नाही.

साहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला मिळालं. आता माझ्या प्रश्नाचं द्या. मला कुणी मोडलं? मोठ्याने सांगा, काठीपर्यंत ऐकू जाईल असं. रूपलीबाई ऐकते आहे.