समासातली ओळ

"थांब! झोपलो आम्ही." दिगंबररावांनी हात वर केला.

नेपरव्हिल या अमेरिकी गावातल्या आठल्यांच्या बेसमेंटमध्ये हशा पिकला. दिगंबररावांचं शनिवारचं कीर्तन नुकतंच आटोपलं होतं. बुक्का अजून कपाळांवर होता, आणि आता भाषणाची तालीम करायला समोर उभी होती सुमेधा. मंगळवारी फेलोशिपचा इंटरव्ह्यू. ती मिळाली तर दोन वर्षं इंग्लंडला जाऊन पंधराव्या शतकातल्या प्रवचनांच्या पोथ्या वाचायच्या. नाही मिळाली तर पीएचडी सोडून नोकरी.

"काका, धिस इज सीरियस!"

"अगं, म्हणूनच सांगतोय. तुझी आई बघ, पेंगतेय."

"मी ऐकतेय हो!" रेखाताई दचकल्या. "पण पाचशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्यांसाठी पैसे देणार कोण, हेच मला कळत नाही."

"मी देईन," दिगंबरराव म्हणाले, "फक्त मला त्यातला एक माणूस दाखव. एखादा तरी दिसतो का तुझ्या कागदांत?"

सुमेधाने पानं चाळली. "एक आहे, पण तो फुटनोटमध्ये आहे. एका प्रवचनाच्या समासात त्या पाद्र्यानं स्वतःसाठी लिहून ठेवलंय: 'इथे बायका रडतात. थोडं थांब.'"

दिगंबरराव ताडकन उठले. दिवसभर लिफ्टचे नकाशे काढणाऱ्या त्या माणसाचे डोळे भरून आले.

"आणि हे तू तळटीपेत पुरलंस? अगं, हा तर आमच्यातला! हा बुवा आहे, बुवा! सुरुवात ह्याच्यापासून कर."

"पण तुमचं तर आधी निरूपण असतं, मग आख्यान."

"माझ्याकडे दोन तास असतात. तुला पंधरा मिनिटं आहेत. आधी आख्यान लाव!"

शुक्रवारी दुपारी दिगंबररावांच्या ऑफिसातल्या टेबलावरचा फोन वाजला.

"काका, मिळाली!" सुमेधा ओरडतच होती. "दोन्ही वर्षांची! ती ओळ वाचली आणि मी थांबले. आय वॉज टेरिफाइड! मग इंटरव्ह्यू घेणाऱ्यांतल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, गो ऑन, डिअर, मग पुढे काय?"

"वा, वा! मग पुढे काय! झालं, बाळा. तिथंच जिंकलीस तू!"

फोन ठेवला तरी छातीत टाळ वाजतच होते. कोणाला सांगावं? अकरा वर्षांत त्या ऑफिसात 'गुड मॉर्निंग'पलीकडे त्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता. ते जिन्यात गेले, दार लोटलं, आणि देवाचं नाव घेतलं. हळूच घ्यायचं होतं. पण त्या चार मजली पोकळीत सूर असा काही घुमला की दिगंबररावांनी डोळे मिटले आणि पूर्ण गळ्यानं नामघोष लावला.

डोळे उघडले तेव्हा खालच्या पायरीवर त्यांचे साहेब, आणखी दोघांसह, कॉफीचे कप धरून उभे होते.

नामघोषाची शेवटची ओळ राहिली होती. दिगंबररावांनी ती त्यांच्याकडे बघत, सावकाश, पुरी म्हटली. मग हात जोडले, टाय सारखा केला आणि त्यांना वर जायला वाट दिली.