महिन्याची साठ ताटं

महादेव भावजी आणि मी भोईवाड्याच्या या चाळीत पंचेचाळीस वर्षं शेजारी. आमच्या खोल्यांमध्ये लाकडी फळ्यांची भिंत आहे. पलीकडे चमचा पडला तरी इकडे कळतो. वर्षापूर्वी त्यांची बायको गेली, आणि हळूहळू त्यांच्या गॅसचा लायटर वाजायचा बंद झाला.

जेवायला बोलावलं असतं तर ते रागावले असते. म्हणून मी ताट वाढून नेते आणि म्हणते, "भावजी, मीठ बघा जरा. माझ्या जिभेला आता कळत नाही." ते दारातच ताट घेतात. तासाभराने ते धुतलेलं परत येतं. "बरोबर आहे, वैनी." रोज, दोन्ही वेळा. त्यापलीकडे आम्ही यावर कधी बोललेलो नाही.

गेल्या महिन्यात चाळीत कुटुंबांची पाहणी आली. कोण काय खातं, किती खातं, यावरून गरिबी मोजतात. मी स्वतः तीस वर्षं हेच काम केलं. तेव्हा कागद होते. आता चैत्राली नावाची मुलगी टॅब घेऊन आली.

"वैनी, तुमच्या खात्यातली पोरगी आलीय," भावजींनी हाक मारली. "बसा येऊन. मला त्या पाटीची भीती वाटते."

मी जाऊन बसले.

"आजोबा, महिन्याला तांदूळ किती लागतो?"

"पंधरा किलो."

"एकट्याला?"

"गिरणीत काम केलेला माणूस आहे मी. चिमणी वाटलो काय तुला?"

ती हसली. मला हसू आलं नाही. बायको आणि दोन्ही मुलगे घरात होते तेव्हाचा तो आकडा होता.

"दुसऱ्या कुणाच्या घरचं जेवण कधी?"

"नाही," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

मी खरं सांगितलं असतं तर त्या संध्याकाळपासून ताट घ्यायला त्यांनी दार उघडलं नसतं. आणि गप्प राहणं काय असतं, तेही मला ठाऊक होतं. गिरणी संपाच्या दुसऱ्या वर्षी मी लालबागच्या खोल्याखोल्यांतून फिरले होते. "दोन वेळ जेवतो हो बाई, लिवा," बायका सांगायच्या. शेजारी स्टोव्ह थंड दिसायचा. मी लिहिलं. माझ्या कागदांवर लालबाग पोटभर जेवलं.

भावजींसमोर मी गप्प राहिले.

मग चैत्राली माझ्या खोलीत आली. तांदूळ, डाळ, तेल झालं. "आजी, घरच्या माणसांशिवाय कुणाला महिन्यात किती जेवणं दिलीत?"

"साठ," मी आवाज खाली आणून म्हटलं.

तिने भिंतीकडे बघितलं. "कुणाला?"

"तुझ्या फॉर्मात विचारलंय का?"

"नाही."

"मग नुसता आकडा घाल."

संध्याकाळी ताट घेऊन गेले तर भावजींचं दार लागलेलं. "भावजी, मीठ बघा." आत काही हललं नाही. आमटी निवेपर्यंत मी उभी होते. मग कडी निघाली.

त्यांनी ताटाला हात लावला नाही. "साठ नाहीत, वैनी. तुम्ही दोन दिवस गिरगावला बहिणीकडे होतात. छप्पन."

लोक गुणाकार करून सांगतात, तो लिहायचा नाही, एकेक दिवस आठवायला लावायचं, हे मी नव्या मुलींना शिकवत आले. आणि मीच तीस गुणिले दोन केलं होतं.

"आणि माझे पंधरा किलो काढायला सांगा तिला," ते म्हणाले. "ते आमची ही होती तेव्हाचे."

मग त्या दोन दिवसांत काय खाल्लंत? शेकडो घरांत विचारलेला प्रश्न तोंडाशी आला. त्यांच्या मागे ओटा दिसत होता, पुसलेला, कोरडा. मी विचारलं नाही. त्यांनी ताट घेतलं.

तासाभराने ते धुऊन आलं. "मीठ कमी होतं," भावजी म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी मी चैत्रालीला फोन करून दोन्ही आकडे दुरुस्त करायला सांगितले. मग बहिणीला फोन लावला. म्हटलं, यापुढे तूच इकडे येत जा, मला काही तिकडे राहायला जमायचं नाही.