अर्धवट खांबाचं वय

पुढच्या देखण्या खांबांचे फोटो काढून झाले असतील, तर जरा इकडे बघा. बोरिवलीच्या डोंगरातल्या या लहानशा बौद्ध लेण्यातला मागचा अर्धवट खांब बोलतोय मी.

ज्याने मला कोरायला घेतलं, तो एके दिवशी गेला तो परत आलाच नाही. माझ्या अंगावर ना कमळ, ना घट. लोक बघून म्हणायचे, "हा राहिलाच वाटतं!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

लेण्यांचा अभ्यास करणारी गार्गी मात्र दोन वर्षं माझ्यापाशीच बसायची. नक्षी असली की तिच्या घडणीवरून काळ ठरवता येतो. माझ्यावर नक्षीच नाही. "तुझं वय काढल्याशिवाय सोडत नाही तुला," ती म्हणायची. वय काही निघेना.

तेवढ्यात आसपासच्या हौशी मंडळींनी लेणं 'नीटनेटकं' करायला घेतलं. मला सिमेंटने गुळगुळीत करायचं ठरलं आणि मालही कालवून झाला. गार्गी धावत आली, मला पाठ लावून उभी राहिली. "छिन्नीचे घाव आहेत हो याच्यावर! ते बुजले तर सगळी वाट लागेल."

थापी घेतलेली शेवंती पुढे झाली. तरुणपणी ती दारोदार फिरून छिन्नी-हातोडीने पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायची. "सरक गं जरा," म्हणत तिने माझ्यावरून बोट फिरवलं. "ह्याच्या छिन्नीचं तोंड तुटलेलं ना. बघ, प्रत्येक घावात एक बारीक रेघ सुटलीय. बाहेरच्या कुंडातपण हीच रेघ आहे. सकाळी पाणी काढताना हाताला लागली."

गार्गी कुंडाकडे पळाली आणि धापा टाकत परत आली. "मावशी, तीच आहे! अशी छिन्नी किती दिवस चालते?"

"दोन दिवस. मग लोहाराकडं न्यावीच लागते."

त्या कुंडावर दानाचा लेख आहे, अठराशे वर्षांपूर्वीच्या वळणाच्या अक्षरांत. म्हणजे मीही तेव्हाचाच! देखण्या खांबांच्या वयाबद्दल अजून वाद चालतात. माझा तर सोबतीसुद्धा सापडला. माझी छाती अशी फुगली, की छत वर जातंय की काय असं वाटलं.

कालवलेला माल खालच्या पायऱ्यांना लागला. जाताना शेवंती मला थोपटून म्हणाली, "धार लावायला गेला असणार बिचारा."

म्हणून सांगतो, मला गुळगुळीत करू नका. ज्या घावांची इतकी वर्षं लाज वाटली, तेच आता मी अभिमानाने मिरवतो. आणि तो परत आलाच, तर त्यांच्यावरूनच मला ओळखेल.