तपासणीच्या दिवसाचे थेंब

मी बोलतेय ती एका निवृत्त मास्तरांच्या उजव्या डोळ्यातून. वरच्या पापणीआड शिवलेली नखाएवढी चकती आणि तिला जोडलेली दोऱ्याएवढी नळी, एवढाच माझा जीव. काचबिंदूमुळे डोळ्यात तुंबणारं पाणी बाहेर काढायचं, दाब उतरवायचा, हे माझं काम.

माझा जन्म एका लख्ख कारखान्यातला. तिथे माणसं तोंड झाकून, हात धुऊन मला उचलायची. मला वाटलं, काय शिस्तीची जात आहे! मग मास्तर भेटले.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "डावा डोळा गेलाच आहे. उजव्यावर आधी दोनदा शस्त्रक्रिया झाल्यात, आत व्रण आहेत. नुसता माझा हात चांगला असून भागणार नाही. चकतीभोवतीचा पापुद्रा जाड झाला, की नळी असून नसल्यासारखी. थेंब चुकवायचे नाहीत."

"तीस वर्षं पोरांना शिस्त लावलीय मी!" मास्तर म्हणाले. परीक्षेत मोज्यात दडवलेली चिठ्ठीसुद्धा हुडकून काढायचे म्हणे.

तिसऱ्याच आठवड्यात थेंब झोंबू लागले.

"अहो, थेंब राहिले," बायको आठवण करायची.

"अगं, दिसतंय ना मला सगळं? उगाच औषधांचा मारा कशाला?"

तपासणीच्या सकाळी मात्र हे गृहस्थ लवकर उठायचे आणि दोन्ही बाटल्यांतले थेंब न चुकता घालायचे. दाब भरायचा चौदा, अगदी हवा तसा. "बघ, चौदा!" घरी येऊन बायकोला ऐकवायचे. बाकी महिनाभर तो तिशीत असायचा, ते फक्त मला ठाऊक. माझ्या चकतीभोवती पापुद्रा चामड्यासारखा घट्ट होत होता. मला तोंड नाही, नाहीतर भर दवाखान्यात यांची लाज काढली असती.

एकदा डॉक्टरबाईंना रजा हवी होती. दवाखान्यातून फोन आला, "उद्याऐवजी आजच या." मास्तर बायकोला घेऊन तसेच, थेंबांविना गेले. दाब चौतीस!

"मास्तर, हे काय?"

"अहो डॉक्टर, तपासणी उद्या होती ना! उद्या बघा, चौदा भरेल."

बायकोने पिशवीची बंदच असलेली चेन पुन्हा बंद केली.

"म्हणजे थेंब फक्त तपासणीच्या दिवशी?"

मास्तर फरशीकडे बघत राहिले. नजरेचा नकाशा काढला, तर नाकाकडची बाजू काळी झालेली.

"गेलेलं परत येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उरलेलं राखू."

"मग पुढची तारीख?"

"तारीख नाही. फोन येईल, तासाभरात यायचं."

जिना उतरताना बायको म्हणाली, "तुमच्यासमोर पोरं अशीच उभी राहायची ना हो?"

हल्ली थेंब वेळेवर पडतात. प्रेमाने नव्हे, धाकाने. फोन वाजला की मास्तर दचकतात. मला त्यांची कीव येत नाही. पण जाड पापुद्र्यातून मी अजून ठिबकतेय, कारण त्या अर्ध्या नजरेत बायकोचा चेहरा अजून मावतो. वाचकहो, तुमच्या कुणाच्या पापणीआड माझी बहीण असेल, तर डॉक्टरांना खूश करायला थेंब घालू नका. डॉक्टर महिन्यातून पाच मिनिटं बघतात. तिला मात्र रोज तिथेच राहायचं असतं.