टोपडं घातलेला वरवंटा

दगडाला डोळे नसतात, कान असतात. एवढं आधी ध्यानात घ्या, म्हणजे पुढचं नीट समजेल. मी वरवंटा. काळ्या दगडाचा, मधे जरा फुगीर, दोन्ही टोकांना झिजलेला. माणूस मी आवाजावरून ओळखतो, आणि त्याहून पक्का त्याच्या हातावरून.

वर्ध्याकडच्या एका पाथरवटानं मला घडवलं. सुशीलाबाईच्या आईनं लेकीला लग्नात पाटा-वरवंटा दिला. तिच्या नवऱ्याला, बाबारावांना, रायपूरला रेल्वेत नोकरी लागली, तसा मीही गोणपाटात गुंडाळून रायपूरला आलो. शंकर नगरात दत्तोपंत म्हणून एक विधुर म्हातारे राहायचे. त्यांच्या घरात दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या आणि मागच्या अंगणात, नळाजवळ, माझी जागा झाली. जवसाची चटणी, मिरचीचा ठेचा, सणाला पुरण. शेजारच्या छत्तीसगडी बाया मला लोढा म्हणायच्या आणि टमाट्याची चटणी वाटून न्यायच्या. घरात मिक्सर आला, पण सुशीलाबाई म्हणायची, "त्या बोंबलणाऱ्या डब्याच्या चटणीले चव नाही, माय."

आणखी एक काम माझ्याकडे होतं. ते आपल्या मराठी घरांतलंच. बारशाला वरवंट्याला न्हाऊ घालतात, तेल चोळतात, हळदकुंकू लावून टोपडं चढवतात आणि पाळण्याच्या खालून-वरून ह्या बाईच्या हातातून त्या बाईच्या हातात देतात. गोविंद घ्या, गोपाळ घ्या. मग मला पाळण्यात बाळाशेजारी निजवतात, पोर माझ्यासारखं टणक व्हावं म्हणून. आसपासच्या कितीतरी पोरांच्या कुशीत मी निजलो आहे. मला ते काम चटणीपेक्षा आवडायचं.

मग छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि रायपूर राजधानी. भोपाळहून साहेब लोक आले, त्यांना बंगले हवे, कचेऱ्यांना घरं हवी. दत्तोपंतांचा पुतण्या शिशिर जागांची दलाली करायचा. दर रविवारी येऊन काकांच्या मागे लागायचा. म्हातारा नळावर चूळ भरता भरता ओरडायचा, "मी जिवंत आहे तोवर या घराले कचेरीची पाटी लागणार नाही! तुझ्या सायबाले म्हण, मैदानात तंबू ठोक."

पलीकडच्या खोलीत बंडू आणि शारदा हे जोडपं भाड्यानं राहायचं. बंडू उरला या कारखान्यांच्या भागात रोलिंग मिलमध्ये कामाला. शारदाला मुलगा झाला तेव्हा त्यानं मिलमधून सळईचा तुकडा आणला, वाकवून त्याचा आकडा केला आणि पाळणा टांगायला छताला ठोकला. झालं. दत्तोपंत भडकले.

"माझ्या छताले भोक पाडतं काय रे? उतरव तो आकडा!"

"बारसं होऊ द्या ना काका. मंग उतरवतो."

"बारसं तुझं, छत माझं!"

भांडण एवढंच. पण ते सगळ्या पाऱ्यानं, म्हणजे मोहल्ल्यानं, ऐकलं.

बारशाच्या दुपारी बाया शारदाच्या खोलीत पाळणा सजवत होत्या. पुरुष माणसं पुढे मांडवात, बंडू त्यांना जिलबी वाढत होता. मागच्या अंगणात चिटपाखरू नव्हतं. तेव्हा एका हातानं मला पाट्यावरून उचललं.

तो वाटणाऱ्याचा हात नव्हता. वाटणारी बाई मला दोन्ही हातांनी धरते. हा एकच हात, मऊ, घामेजलेला. बोटातली अंगठी आत वळली होती, तिचा खडा माझ्या अंगावर करकरला. दत्तोपंतांच्या खोलीचं दार हळूच लोटलं गेलं. म्हातारा घोरत होता. मग घोरणं थांबलं.

मधलं मी सांगणार नाही. त्या हातानं मला नळाखाली धरलं, पुन्हा पुन्हा फिरवलं, आणि पाट्यावर होतो तसा ठेवून दिलं.

थोड्या वेळानं सुशीलाबाई मला घ्यायला आली. "अगं बाई, विमलानं धुऊनही ठेवला," ती आपल्याशीच म्हणाली. विमला म्हणजे बंडूची बहीण, बाळाची आत्या, बारशासाठी वर्ध्याहून आलेली. विमलानं मला ओला पाहिला, तिला वाटलं सुशीलाबाईनंच न्हाऊ घातला. एरवी कोणी विचारलंही असतं. पण बारशाच्या दिवशी वरवंटा ओला असणारच. दोघींनी मिळून मला तेल चोळलं, हळदकुंकू लावलं, टोपडं बांधलं.

गोविंद घ्या, गोपाळ घ्या. बांगड्या भरलेले हात एकामागून एक माझ्याखालून गेले, आणि मी ओरडत होतो. दगडाचं ओरडणं ऐकू येत नाही, हाताला गार लागतं, एवढंच.

"किती गार हो हा!" एक बाई म्हणाली. "बर्फातून काढला का?"

मला पाळण्यात निजवलं. शेजारी बाळ. त्यानं झोपेत आपली मूठ माझ्या अंगावर ठेवली. त्या दिवसातला तेवढाच एक ऊबदार हात.

विमला बाळाच्या कानाशी वाकली. तिच्या पाठीत धपाटे घालायला बायांनी हात उगारले. आणि तेवढ्यात दत्तोपंतांना जेवायला उठवायला गेलेल्या बाबारावांची किंकाळी आली. नाव विमलाच्या तोंडातच राहिलं.

पोलीस आले. घरभर शोधलं. एक हवालदार पाळण्यापाशी आला, त्यानं झालर बाजूला केली, दोन टोपडी पाहिली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बच्चे सो रहे हैं. रहने दो." बच्चे म्हणाला तो. मला पण त्यात धरलं.

जाताना ते बंडूला घेऊन गेले, आणि छताचा आकडाही.

अंगणाच्या भिंतीपलीकडे मारोतीचा पानठेला होता. तिथलं सगळं मला ऐकू यायचं. त्या उन्हाळ्यात तिथे दुसरा विषयच नव्हता.

"घराखाली भोसल्यांच्या वेळचं सोनं आहे म्हणते. तांत्रिकानं बळी देला."

"सोनं असतं तर म्हातारा फाटक्या बनियनवर फिरला असता का बे?"

"अरे, वो उरला वाला है ना, रॉड उसी के घर में था."

"हव भैया, झगडा तर म्या या कानानं ऐकला. चुना दे, मारोती."

आणि मग एक आवाज, दुःखानं जड झालेला, तोंडात पान धरलेला. शिशिरचा. "मी कोणाचं नाव नाही घेत. काका गेले ते गेले. पण उरल्याची सळई डोक्यात बसली तर काय होते, तुमीच सांगा." सगळे चुकचुकायचे. रोज तेच. सळई हा शब्द त्यानंच तिथे पहिल्यांदा आणला होता, हे कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

बंडू सगळ्यांसमोर जिलबी वाढत होता, आकड्यावर डाग नव्हता. पोलिसांनी त्याला सोडलं. ठेल्यानं नाही सोडलं. मिलमध्ये त्याला सांगितलं, काही दिवस घरी बस. नळावर शारदा आली की बाया बादल्या सरकवून घ्यायच्या. तिच्या लेकराला पोट्टे 'रॉडवाले का बेटा' म्हणू लागले. बंडूसाठी थांबून राहिलेल्या विमलाला शारदा हात जोडायची, "ताई, नाव तरी ठेवा त्याचं." विमला म्हणायची, "इथं नको व. इथं लोकाईनं आधीच ठेवून देलं."

आणि मी त्या दिवसापासून वाळलोच नाही. मे महिन्यात अंगणातली माती तडकली, पण माझ्याखालचा पाटा ओला. सुशीलाबाई पुसून थकली. एकदा पुसता पुसता तिनं विचारलं, "विमला, त्या दिवशी तू याले किती पाणी घातलं होतं व?"

"म्या? म्या कुठं धुतला? तुमीच त धुऊन ठेवला होता."

सुशीलाबाईनं माझ्यावरचा हात काढला. विस्तवावरून काढावा तसा.

तिनं घरात सांगितलं तसे बाबाराव म्हणाले, "तोंडातून शब्द नको काढू. धुतला कोणी, तेल चोळलं कोणी? तुमी. उद्या ठेल्यावर तुमची नावं." सुशीलाबाई त्या बोंबलणाऱ्या डब्यातच चटणी करू लागली. मला उचलायची नाही, माझ्याकडे पाठ करून भांडी घासायची.

पण शारदानं गाशा गुंडाळला. वर्ध्याला जायच्या सकाळी बिननावाचं लेकरू खांद्यावर घेऊन ती सुशीलाबाईच्या पाया पडायला आली, आणि सुशीलाबाईला राहवलं नाही. तिनं सगळं सांगितलं. रडत सांगितलं. शारदानं लेकरू तिच्या ओटीत दिलं, मला दोन्ही हातांनी उचललं आणि सरळ पानठेल्यावर गेली.

"घ्या," ती म्हणाली आणि मला बाकावर ठेवलं. "ही घ्या तुमची उरल्याची सळई. अंगणात होती. ज्याले पायजे त्यानं उचलली, धुतली, ठेवून देली. आता बोला!"

मारोतीचा अडकित्ता थांबला. मग कोणीतरी मला उचललं. एका हातानं. मऊ, घामेजलेला. आणि तोच खडा, त्याच जागी करकरला.

"एवढ्याशा दगडानं माणूस मरते का, वहिनी?" शिशिर म्हणाला.

मी होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून ओरडलो.

"बाप रे! गार आहे," तो म्हणाला. मला पटकन ठेवलं, रुमालानं हात पुसला. कोणी तरी हसलं, मग सगळेच हसले.

संध्याकाळपर्यंत नवी गोष्ट तयार होती. बायांनीच केलं. टोपड्यात लपवलं. भाडेकरू सगळे मिळालेले. पोलिसांनी मला नेलं, तपासलं. जखमेशी मी जुळलो, पण माझ्यावर तेल, कुंकू, मिरची आणि अख्ख्या बारशाच्या बायांचे हात. त्यातून कोणाचाच हात निघाला नाही. सुशीलाबाईनं रोज ठाण्याच्या चकरा मारल्या, आणि बाबारावांनी बदली मागून घेतली. शारदा-बंडू लेकरू घेऊन गेले. घर वारसानं शिशिरकडे आलं, त्यानं ते देऊन टाकलं. घराला कचेरीची पाटी लागली म्हणतात.

मी आता ठाण्याच्या मालखान्यात, मुद्देमालाच्या खोलीत आहे, एक विळा आणि सायकलची साखळी यांच्या मधे. माझ्या गळ्यात दोऱ्यानं कागद बांधला आहे. तो ओला होतो, शाई पसरते, नवा हवालदार आला की नवा कागद बांधतो आणि म्हणतो, छत गळून राहिलं वाटते. उन्हाळ्यात पण हेच म्हणतो. चहाच्या वेळी कोणी ना कोणी विषय काढतो, "वो शंकर नगर वाला केस..." आणि पुन्हा तांत्रिक, पुन्हा सोनं, पुन्हा सळई. मी ओरडतो. माझ्याजवळचा विळा गंजत चालला आहे.

तुम्हीही बोललाच असाल कुठल्या तरी ठेल्यावर, कुठल्या तरी खुनाबद्दल. बोला, मी कोण अडवणारा. माझं मागणं लहान आहे. वर्ध्याकडे एक मुलगा असेल, आता मिसरूड फुटलेला. आम्ही दोघं एका पाळण्यात निजलो होतो. त्याच्या कानात शेवटी कोणतं नाव सांगितलं, तेवढं कोणी मला येऊन सांगा.

आणि याल तेव्हा मला दोन्ही हातांनी उचला. एका हातानं नको.