बंद दारांची इमारत

लोखंड वाचवण्यात इंजिनिअरसाहेबांचा हात धरणारा कोणी नव्हता. नकाशा त्यांच्या टेबलावर आला की खांब कमी होत, तुळया आखडत आणि मालक खूश होत. ऑफिसात पाठीमागे त्यांना ‘काटकसर’ म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

ऑफिसची एक रीत होती. नकाशा आधी आर्किटेक्टकडे, मग साहेबांकडे, आणि सगळं पक्कं झालं की कोपऱ्यातल्या बाईंकडे. इमारतीत ऊन-वारा किती येईल, वीज किती जळेल, याचा अंदाज त्या बांधत. त्यांचं नाव पडलं होतं ‘हवाबाई’. त्यांनी काहीही सुचवलं तरी उत्तर ठरलेलं, “बाई, आता उशीर झाला!” मग एसी केवढा लागेल ते लिहून देऊन त्या मुकाट्याने डबा उघडत. त्यांच्याबरोबर जेवायलाही कोणी बसत नसे.

एका वृद्धाश्रमाची दुसरी इमारत ऑफिसकडे आली. पहिलीचा सांगाडा साहेबांचाच होता : मधोमध बोळ, दोन्हीकडे खोल्या, सगळं आटोपशीर. “तोच पुन्हा वापरू, डोकं कशाला खाजवायचं?” साहेब म्हणाले.

त्या पहिल्या इमारतीत साहेबांची थोरली बहीण राहत होती. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी ते तिच्याकडे गेले. बोळात दिवसाढवळ्या दिवे लागलेले. दारं बंद, आणि प्रत्येक दारामागे एसीची घरघर. माणसाचा आवाज म्हणून नाही.

“ताई, शेजारच्या आजी कुठे दिसत नाहीत?”

“गेल्या रे. मला नंतर जेवणघरात कळलं. मध्ये एवढीशी भिंत, पण दारं दोघींचीही बंद. दार उघडं ठेवलं तर खोलीची भट्टी होते. बोळात वारा नावाला नाही. खरं सांगू? मी वीज जायची वाट बघते. वीज गेली की सगळे अंगणात येतात. चार शब्द बोलणं होतं.”

“मला कधी बोलली नाहीस?”

“कोणत्या तोंडाने बोलू? माझ्या भावाने बांधलीय म्हणून सगळ्यांना सांगत सुटले होते ना!”

साहेबांनी मनात हिशेब मांडला. लोखंड एकदाच वाचलं होतं. वीज मात्र रोज जळत होती, आणि ताई रोज एकटी होती!

दुसऱ्या दिवशी साहेब कोरा कागद घेऊन हवाबाईंच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. सगळं ऑफिस बघतच राहिलं.

“बाई, अजून एक रेघही मारलेली नाही. बोला!”

असं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. “खोल्या एकाच बाजूला घ्या,” त्या म्हणाल्या. “समोर उघडा व्हरांडा. वारा आरपार जाईल. आणि ऊन अडवायला पश्चिमेला लांब छज्जा.”

“लोखंड वाढेल.”

“वाढेल थोडं. पण साहेब, बांधायचा खर्च एकदाच, विजेचा जन्मभर. दोन्ही एकत्र मांडल्याशिवाय काटकसर कशी म्हणायची?”

“पटलं. पण एवढा छज्जा जड होईल, तो जमायचा नाही...” साहेब एकदम थांबले. “थांबा! भूकंपाचे धक्के सोसायला जाड भिंती द्याव्याच लागतात. त्या मी बोळाशी दडवत आलो. इमारत फिरवून त्या पूर्व-पश्चिम टोकांना नेल्या तर? भार घेतील आणि ऊनही अडवतील!”

“मग छज्ज्याचा हट्ट मी सोडते!” बाई हसल्या.

मित्रहो, इमारत मजबूत हवीच, पण तिच्यात राहणाऱ्याला श्वासही हवा. सांगाडा आणि ऊन-वारा यांचा विचार एकाच टेबलावर, पहिली रेघ मारण्याआधी व्हायला हवा. नंतर सुचलेलं शहाणपण भिंतीवर डोकं आपटून परत येतं!

साहेबांनी नवा नकाशा ताईला दाखवला. तिने तो डोळ्यांजवळ धरून पाहिला.

“छान आहे रे. आमच्या इमारतीत असं काही करता येईल?”

“नाही ताई. आता नाही.”

तिने उठून एसी बंद केला आणि दार सताड उघडलं.

“उकडेल,” ती म्हणाली, “पण तू आहेस तोवर राहू दे.”