कासवानं सोडलेली जागा

विमलताईंनी पेपराचं कात्रण चौथ्यांदा वाचलं, चष्मा पुसला आणि पाचव्यांदा वाचायला घेतलं. त्यांच्या नातीनं, सलोनीनं, पुण्याच्या स्टुडिओत ज्या कार्टूनच्या पिच्चरवर दोन वर्षं काम केलं, त्याच्याबद्दल छापून आलं होतं. जुन्या ओवीबद्ध पोथीतली कासवाची कथा. चित्रांचं कौतुक होतं. पण खाली लिहिलं होतं, 'कासवाचं गाणं ऐन रंगात तीनदा मुकं होतं. अर्धी ओळ गाऊन ते गप्प बसतं. ध्वनीत दोष असावा.'

"सलू, खरंच दोष हाये का व?"

"नाही आजी. ती जागा मी मुद्दाम सोडली."

"कोनासाठी?"

चार दिवस गावी आलेल्या सलोनीनं कात्रण बाजूला सारलं. आणखी तिघांनी हेच लिहिलं होतं. टीव्हीवरच्या प्रतीतून त्या जागा कापायच्या की ठेवायच्या, ते तिला सोमवारी सकाळपर्यंत स्टुडिओला कळवायचं होतं.

"कापा म्हणूनच सांगते," ती म्हणाली. "चार जाणकार एकच बोलतात, म्हणजे चूक माझीच असणार."

विमलताईंना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. जाणत्या पोरीनं रिकामी जागा सोडली, ती काय उगीच? घाटंजीत असं कीर्तन नव्हतं जिथं त्या बायकांच्या पहिल्या रांगेत नव्हत्या. ऐकल्याशिवाय मत द्यायचं नाही, ही त्यांची रीत. रविवारी दुपारी त्या सलोनीला आणि कीर्तनातल्या जोडीदारणीला, शकुबाईला घेऊन एसटीनं पांढरकवड्याला निघाल्या.

"या वयात कार्टून पाहाले चाललो बाई आपन!" शकुबाई म्हणाली. "सून हसून राह्यली मले."

"हसू दे. सांग तिले, कासवाचं कीर्तन हाये."

टॉकीजमध्ये तीसेक माणसं होती, निम्मी लेकरं. पडद्यावर नदीला पूर आला. टिटवीची पिल्लं पाठीवर घेऊन कासव पाण्यात उतरलं आणि गाऊ लागलं,

'पाय माझे हळू, वाट माझी लांब,
देवा, जरा थांब!'

सूर साधा होता, एका ऐकण्यात बसणारा. पुढं भोवरा आला. कासव म्हणालं, 'पाय माझे हळू, वाट माझी लांब...' आणि गप्प. नुसते पंखे घरघरले. विमलताईंना वाटलं, मशीन बिघडलं. पण उरलेली ओळ मात्र त्यांच्या ओठांवर येऊन राहिली.

दुसऱ्यांदा कासव थांबलं तेव्हा त्यांचे हात आपोआप टाळीला गेले आणि तोंडून खणखणीत निघालं, "देवा, जरा थांब!" शकुबाईनं मागोमाग सूर धरला. पुढच्या माणसानं मान वळवून पाहिलं. विमलताई ओशाळल्या आणि सलोनीकडं वळल्या. पोरगी त्यांच्याकडंच पाहत होती, डोळे भरून.

तेव्हा कुठं त्यांना उमगलं. बुवा कीर्तनात अर्धी ओळ सोडत, उरलेली लोकांनी पुरी करायची. चार वर्षांची सलू त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या तोंडाकडं बघत असे, आजी कधी म्हणते म्हणून.

तिसरी जागा आली. विमलताईंनी तोंडाला पदर लावला आणि शकुबाईचा दंड दाबला. आणखी कुणी म्हणतं का, ते त्यांना पाहायचंच होतं. एक क्षण गेला, दुसरा गेला. मागून एक बारीक आवाज आला, "देवा, जरा थांब!" मग तिकडून दोन, इकडून एक. बेसूरच. एक पोट्टं तर इतकं उशिरा ओरडलं की त्याचा आवाज पुढच्या बासरीत बुडाला.

एसटी स्टँडवर चहा पिताना सलोनी म्हणाली, "आजी, आता नाही कापणार."

"नको कापू. पन पेपरवालाही अगदीच खोटा नाई. पयल्यांदा मलेही मशीन बिघडल्यावानी वाटलं. तुहं कासव पान्याकडे पाहून गाते. आपले बुवा जागा सोडतात तेव्हा काय करतात?"

शकुबाईनं कप खाली ठेवला, बुवांसारखा हात समोर पसरला, भुवया उंचावल्या. समोरून जाणारा कंडक्टर जागीच थांबला.

"काय पायजे, मावशी?"

"पाह्य सलू!" विमलताई खदखदून हसल्या. "हात केला की मानूस बोलतेच."

सलोनीनं तिथंच मोबाईलवर लिहिलं, 'जागा तशाच ठेवा. फक्त तिथं कासवाचं तोंड पाहणाऱ्यांकडं वळवू. ती चित्रं मी काढते.'

गाडी घाटंजीच्या रस्त्याला लागली. विमलताईंनी पिशवीतलं कात्रण काढून पुन्हा एकदा वाचलं.

"त्या पेपरवाल्याचं वाईट वाटते व," त्या म्हणाल्या. "बिचारा एकटाच बसला असंन पाहाले."